आगबोटीखालचं पाणी

चीफना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठीकडून. बंदराच्या वाचनालयात मी मासिकं चाळत बसले होते आणि समोरच्या भिंतीवरच्या जुन्या चित्राला जवळजवळ नाक लावून एक रुंद पाठीचा माणूस उभा होता. हातात सुताराची घडीची पट्टी. ती त्याने चित्रातल्या धुराड्यासमोर धरली होती आणि एक डोळा मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी आकडे पुटपुटत होता.

"अहो, हात लावू नका!" वाचनालयाचे चिटणीस टेबलामागून ओरडले.

"हात कुठे लावलाय? माप घेतोय."

"चित्राचं कसलं माप घेताय?"

"चित्राचं नाही हो, धुराड्याचं." माणूस वळला. "बरोबर आहे! अगदी तंतोतंत बरोबर आहे!"

हे त्याने आम्हा दोघांना अशा काही आनंदाने सांगितलं, जणू धुराडं त्याच्या घरचं होतं. माझा जन्म शाळेत गेला. असा चेहरा माझ्या ओळखीचा आहे. अडलेलं गणित सुटलं की मुलांचा होतो. फक्त या मुलाच्या मिशा पांढऱ्या होत्या.

ते चित्र गावात सगळ्यांना माहीत होतं आणि बघत कुणीच नसे. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने आमचा धक्का बांधला, त्या इंजिनियरने ते काढलेलं. नोकरी संपल्यावर गृहस्थाने हौस म्हणून ब्रश हातात धरला आणि चाकाची एक आगबोट, दोन्ही बाजूंना मोठाली चाकं असलेली, जोराच्या वाऱ्यात बंदरात शिरताना रंगवली. चित्रकार म्हणून बेताचाच. डेकवरची माणसं काडेपेटीतल्या काड्यांसारखी, आभाळ नुकताच गिलावा केलेल्या भिंतीसारखं. पण आगबोट मात्र अशी, की कुठला दोर कुठून निघतो आणि कुठे बांधला जातो ते बोट ठेवून सांगावं. आणि वर कोपऱ्यात, चक्क आभाळात, त्याने प्रमाण लिहून ठेवलं होतं. चित्रातला एक इंच म्हणजे प्रत्यक्षात किती फूट, नकाशावर लिहितात तसं.

"चित्रावर प्रमाण लिहिणारा माणूस!" चीफ मला म्हणाले. "बाई, हा आपल्यातला बरं का."

मी त्यांच्यातली कधी झाले हे मला कळलं नाही, पण झाले खरी. चीफचं घर माझ्याच गल्लीत, तीन घरं सोडून; बायको तिथे कायमची, ते मात्र आत्ता कुठे घरी राहायला आले होते. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी हुद्दा तेवढा उरला. गल्लीतल्या मुलांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना चीफ म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनी उंच, सडपातळ, बोलायला फटकळ. चीफ एखादी गोष्ट समजावून सांगायला लागले की वहिनी हातातलं काम खाली ठेवत नसत, कारण, त्यांच्याच शब्दांत, "ह्यांचं उत्तर संपेपर्यंत माझा भाजीपाला निवडून होतो."

चीफ चित्रं काढत, पण वस्तूंची. पहिलं चित्र पाण्याच्या पंपाचं, दुसरं शिलाई मशीनचं. तिसऱ्यात त्यांनी स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर उभा कापून दाखवला होता. आतले बटाटे, त्याखालचं पाणी, झाकणाचं रबर, सगळं.

"कुकर फोडला हो माझा," वहिनी येईल त्याला चित्र दाखवून सांगत. "पण बटाटे छान शिजलेत."

वाचनालयातल्या आगबोटीची मात्र दशा वाईट होती. भिंतीच्या पलीकडे हात धुवायचं बेसिन, त्याचा नळ वर्षानुवर्षं गळका. ओल खालून वर चढत गेली आणि चित्राच्या खालच्या भागातला रंग पोपडे धरून पडत राहिला. झाडणारी बाई रोज सकाळी चिमूटभर समुद्र केरात भरून नेत असे. शेवटी अशी वेळ आली की आभाळ शाबूत, आगबोट डेकापर्यंत शाबूत, आणि खाली नुसतं करडं कापड.

त्याच सुमारास वाचनालयाची दुरुस्ती निघाली. ओल काढायची, भिंती रंगवायच्या, दिवे बदलायचे. समितीने ठरवलं की जुनं चित्र कोरड्या कपाटात आडवं ठेवावं, ते आता उभं राहण्यासारखं नाही. त्याच्या जागी बंदराचा आजचा मोठा रंगीत फोटो लावावा. चीफना हे कळलं तेव्हा ते तडक चिटणिसांकडे गेले. मी तिथेच होते.

"मी नक्कल काढतो," चीफ म्हणाले. "त्याच मापाची. ती लावा."

"चीफ, तुमचा कुकर पाहिलाय मी."

"मग? चुकलाय कुठे?"

"चुकला नाही हो. पण इथे लोक वाचायला येतात. त्यांना आगबोट फोडून दाखवू नका."

चीफ हसले नाहीत. त्यांनी हात लांब करून चारी भिंती दाखवल्या. तिथे ओळीने तसबिरी होत्या. कॅप्टन, बंदर-अधिकारी, पुन्हा कॅप्टन. पितळी बटणं, टोप्या, हातात दुर्बिणी.

"एवढी जहाजं या बंदरात आली," चीफ म्हणाले, "ती काय ह्यांच्या दुर्बिणींनी चालत होती? खाली कुणीतरी घाम गाळत होतं ना? या सगळ्या भिंतींवर इंजिनवाल्याच्या हातची एकच वस्तू आहे. ती काढलीत की आम्ही संपलो. आम्ही खालची माणसं, आधीच कुणाला दिसत नाही."

चिटणीस माणूस भला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "फोटोची ऑर्डर गेलीय," ते म्हणाले. "पण तुम्ही काढा. उद्घाटनाच्या सकाळी समिती दोन्ही बघेल. पसंत पडलं तर भिंत तुमची. नाही पडलं तर मला बोल लावायचा नाही."

"मंजूर," चीफ म्हणाले.

चीफच्या पुढच्या खोलीतलं सगळं सामान मागच्या खोलीत गेलं आणि खिडकीशी कापड ताणलेली भली मोठी चौकट उभी राहिली. मी संध्याकाळी चहाला जाई. चीफ जुनी विजार घालून, कानाला पेन्सिल लावून काम करत. आधी कापडावर चौकोन आखले, मग एकेका चौकोनात आगबोट उतरू लागली. दोर, डोलकाठ्या, धुराडं, चाकावरचं लाकडी झाकण. काय हात होता! धुराड्याच्या पत्र्यावर जिथे आच लागून रंग करपतो, तिथे त्यांनी तो करपवला. काड्यांसारखी माणसं त्यांनी काड्यांसारखीच ठेवली. "त्याची चूक आहे, मी कोण सुधारणारा?" म्हणाले. गल्लीतली माणसं खिडकीतून डोकावून जात आणि जाताना हळू आवाजात बोलत, दवाखान्यात बोलतात तसं.

जुन्या चित्रात डेकाखालचं काहीच उरलं नव्हतं. म्हणून चीफनी त्या काळच्या आगबोटींचे आराखडे मिळवले आणि पोटाचा सगळा भाग काढला. तळ, सुकाणू, चाकांच्या खालच्या फळ्या, तळाच्या पत्र्याचे जोड. जहाजाचा पाण्यात बुडणारा निम्मा भाग, तोही वरच्याइतक्याच मायेने.

"झालं!" एका संध्याकाळी ते ब्रश पुसत म्हणाले.

वहिनी दारात उभ्या होत्या. "झालं? मग पाणी कुठेय?"

"पाणी राहिलंय."

"आगबोट हवेत उडतेय, आणि म्हणे झालं."

पाणी राहिलं ते राहिलंच. चीफ कामाला बसत आणि पांढऱ्या कापडाकडे बघत उठत. मूळ समुद्र कसा होता हे सांगणारं कुणी नव्हतं. चिटणिसांनी शोधून शोधून एक जुना फोटो काढला, कुणाच्या तरी निरोपसमारंभाचा. सगळे अधिकारी त्याच चित्राखाली ओळीने उभे राहिले होते. आगबोट स्वच्छ दिसत होती आणि समुद्राच्या जागी नुसती डोकी. एका अधिकाऱ्याच्या टकलावर तर ती अशी झोकात तरंगत होती की चीफ, वहिनी आणि मी पोट धरून हसलो. मग चीफनी फोटो बाजूला ठेवला.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो," वहिनी चहा आणायला आत गेल्यावर ते म्हणाले. "मी समुद्र बघितलेलाच नाही."

मला वाटलं थट्टा चाललीय.

"खरंच. आम्ही पाण्याच्या पातळीच्या खाली. आवाज, धूर, तेल, दिव्याचा उजेड. वर यायचं ते झोपायला. मला समुद्र कानाने कळतो. जहाज कसं डोलतंय त्यावरून तळपायाला कळतो. पण रंग कसा असतो? लाट कुठून सुरू होते? ते कॅप्टनने बघायचं."

हे बोलणं बाहेर येणाऱ्या वहिनींनी ऐकलं. "ऐकलंत बाई? सगळा जन्म समुद्रावर काढला आणि आता विचारतायत पाण्याचा रंग कुठला!"

त्यांच्या या बोलण्याचा चीफना राग आला असावा, कारण पुढचे काही दिवस त्यांनी मला खोलीत येऊ दिलं नाही. मग एके दिवशी बोलावलं. कापडावर समुद्र आला होता. हिरवट निळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लाटाही होत्या. बघता बघता माझ्या लक्षात आलं की सगळ्या लाटा एकाच उंचीच्या, एकाच वळणाच्या होत्या आणि त्यांच्यामधलं अंतरही सारखं होतं. खाली जमिनीवर पत्र्याचा एक तुकडा पडला होता, लाटेच्या आकाराचा कापलेला. चीफनी लाटेचा साचा केला होता!

आणि एवढं करूनही त्या समुद्रातून आगबोटीचा तळ आरपार दिसत होता. पाणी त्यांनी काचेसारखं पातळ ठेवलं होतं. सुकाणू दिसत होतं, फळ्या दिसत होत्या, पत्र्याचे जोडसुद्धा.

मी शिक्षिका. चुकलेल्या वहीवर आधी काय चांगलं आहे ते लिहायचं, अशी माझी सवय. मी शब्द शोधत होते. वहिनींना ती सवय नाही.

"ही करवत आहे," त्या म्हणाल्या. "करवतीवर आगबोट ठेवलीय. आणि पाण्यातून तळ कसा दिसतो हो? बंदरातलं पाणी आहे की पेल्यातलं?"

"तळ आहे म्हणून दिसतो."

"आहे म्हणून दिसतो? तुमच्या पोटात आतडी आहेत, ती दिसतात का मला?"

चीफनी ब्रश टेबलावर टाकला. "तुला जमतंय तर तू काढ!"

"मला चित्र काढता येत नाही. पण पाणी कसं असतं ते मला माहितेय. या घराच्या गच्चीवर जन्म गेलाय माझा."

चीफ काहीतरी हळवं बोलणार असं मला दिसलं. त्यांचा आवाजही उतरला. "माझी वाट बघत उभी असायचीस..."

"वाट कसली बघतेय! धुणं वाळत घातलेलं असायचं. वारा फिरला की खारं पाणी उडून सगळं पुन्हा धुवावं लागायचं. म्हणून समुद्रावर नजर ठेवायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर दोन खुर्च्या आल्या. नंतर माझी तिसरी. समोर छपरं, छपरांपलीकडे धक्का, धक्क्यापलीकडे पाणी. उद्घाटनाला फार दिवस उरले नव्हते, तरी चीफनी ब्रशला हात लावला नाही. नुसते बसत आणि वहिनी बोलत.

"तो गडद पट्टा बघा, सरकतोय तो. ती लाट नाही, वारा आहे. तो इथवर आला की दोरीवरचे कपडे काढायचे."

"आणि ते पांढरं?"

"ते फुटलं. सगळीकडे नाही फुटत. एक फुटतं, मग बराच वेळ काही नाही, मग तीन शेजारी शेजारी. ह्याला काही हिशेब नाही."

"हिशेब असणारच," चीफ म्हणाले.

"असेल. पण तो तुमच्या पत्र्याच्या तुकड्यात मावत नाही."

चीफ डोळे बारीक करून पाण्याकडे बघू लागले. काही वेळाने त्यांनी विचारलं, "निळा कुठेय यात? मला तर शिसं दिसतंय."

"हां!" वहिनींनी टाळी वाजवली. "आता दिसायला लागलं तुम्हाला. निळा सुट्टीच्या दिवशी असतो. वारा असला की शिसंच."

घरी येऊन चीफनी आपला अख्खा समुद्र खरवडून काढला. मी थांबवायला गेले तर म्हणाले, "फिटिंग चुकलं की उघडायचं, बाई. ठोकून बसवायचं नाही." आणि नवं पाणी सुरू झालं. वहिनी मागे उभं राहून सांगत, चीफ लावत. सगळंच वहिनींचं चाले असं नाही. आगबोटीच्या चाकामागे त्यांनी थोडासा फेस सांगितला तेव्हा चीफ ठाम राहिले. "हे चाक पाणी कसं उचलून फेकतं ते मला विचार. मागे नांगरलेलं शेत दिसेल." आणि त्यांनी चाकामागे पाणी असं उसळवलं की वहिनी म्हणाल्या, "बाई गं, कपडे भिजले!"

चीफच्या पाठीला याहून मोठी शाबासकी कधी मिळाली नसेल.

राहिला होता आगबोटीचा तळ. सगळीकडून पाणी येऊन तळाच्या कडेशी थांबलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा चीफ हातात रंग घेऊन बसले होते आणि हात उचलवत नव्हता.

"हे झाकायचं," ते म्हणाले. "बाई, मी इथे होतो. सगळी वर्षं या पत्र्याच्या आत. हेच झाकून टाकायचं?"

वहिनी खाली त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसल्या. त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"अहो, तुमचं जहाज माझ्या समोरून जायचं तेव्हा मला तरी काय दिसायचं? वरचा भाग. आणि कडेला उभा तो कॅप्टन. तुम्ही कधीच दिसला नाहीत. म्हणून मला ठाऊक नव्हतं का, तुम्ही कुठे आहात ते?"

चीफनी मान हलवली. मग ब्रश बुडवला आणि सुकाणूपासून सुरुवात केली. एकेक फळी, एकेक जोड शिशाच्या रंगाच्या पाण्याखाली गेला. तळ झाकला गेला आणि मला कधीच न कळलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडली. इतके दिवस कापडावर चिकटवल्यासारखी दिसणारी आगबोट पाण्यात बसली. जड झाली. पुढून लाट आली तर ती वर उठेल आणि मग खाली येईल असं वाटू लागलं.

"घ्या!" वहिनी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "आता भिजली."

उद्घाटनाच्या सकाळी भिंतीखाली दोन्ही चौकटी टेकवून ठेवल्या होत्या. फोटो चकचकीत, त्यात क्रेन आणि कंटेनर. त्याच्या शेजारी आगबोट. समितीत पाच जण. त्यांतले एक म्हातारे पायलट होते, बाहेरची जहाजं बंदरात आणून लावणारे. आम्ही सगळे त्यांना वचकून असू. चीफचं आणि त्यांचं जुनं हाडवैर, वरच्या आणि खालच्या माणसांचं असतं तसं.

"काय चीफ," पायलट आल्या आल्या म्हणाले, "समुद्र कुठल्या पंपाने भरलात?"

"बघा आणि सांगा," चीफ म्हणाले. आवाज ताठ होता, पण हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले मला दिसले.

पायलट चित्रासमोर उभे राहिले. मग दोन पावलं मागे आले. मग आणखी मागे, थेट चिटणिसांच्या टेबलापर्यंत.

"वारा नैर्ऋत्येचा आहे," पायलट शेवटी म्हणाले. "आणि वाढतोय. ह्या बोटीला आत आणायचं तर मी आत्ताच निघालो असतो." ते चीफकडे वळले. "हे तुम्ही नाही काढलंत. इंजिनवाल्याला हे दिसणार नाही."

"नाहीच," चीफ म्हणाले. "पाणी हिचं आहे."

सगळे वहिनींकडे बघू लागले.

"मग भिंत ह्यांची," पायलट म्हणाले आणि आपणच हात वर केला. बाकीचे चार हात त्यामागून वर गेले. चिटणिसांनी तर समितीत नसूनही हात वर केला. फोटो नव्या बेसिनच्या वर लागला आणि आगबोट मोठ्या भिंतीच्या मधोमध चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा चीफनी शिपायाकडून शिडी मागून घेतली. सही राहिली होती. त्यांनी एका कोपऱ्यात बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं: मूळ चित्र, बंदराचे पहिले इंजिनियर. जहाज, म्हणून स्वतःचं नाव. आणि त्याखाली, पाणी, असं लिहून वहिनींचं पूर्ण नाव.

"चीफ, एका चित्रावर दोघांच्या सह्या नसतात," चिटणीस खालून म्हणाले.

"इंजिनरूमच्या नोंदवहीत असतात," चीफ शिडीवरून म्हणाले. "ज्याची पाळी, त्याचं नाव."

वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अक्षर बघा कसं काढलंय माझं नाव. लग्नपत्रिकेतसुद्धा एवढं नीट नव्हतं." आणि डोळे पुसले.

सध्या चीफ आणि वहिनी धक्क्यावरच्या दीपस्तंभाचं चित्र करतायत. चीफच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं पुढच्या महिन्यात आहे, आणि तोवर रंग वहिनी लावतात.